ब्रिगफ्लॅट्स : दारावर कोरलेलं १६७५

उत्तर इंग्लंडमधल्या केंडल गावाचं एक लॅटिन ब्रीद आहे. त्याचा अर्थ, कापड हीच माझी भाकरी. मध्ययुगापासून इथे लोकर कातली, विणली, रंगवली गेली. 'केंडल ग्रीन' नावाचा इथला हिरवा कपडा शेक्सपिअरच्या नाटकातसुद्धा येऊन गेला. हल्ली मात्र केंडल म्हणजे लेक डिस्ट्रिक्टला जाताना लागणारं गाव. पर्यटक इथे चहा घेतात आणि वर्ड्‌स्वर्थच्या सरोवरांकडे वळतात. मला उलट्या बाजूला जायचं होतं. केंडलच्या पूर्वेला हाउगिल टेकड्यांच्या पायथ्याशी ब्रिगफ्लॅट्स नावाची वाडी आहे आणि त्या वाडीत साडेतीनशे वर्षांपूर्वी बांधलेलं क्वेकर लोकांचं सभाघर आहे.

निघण्याआधी केंडलमध्येच थोडी तयारी झाली. गावातल्या १८१६ च्या प्रशस्त क्वेकर मीटिंग हाउसमध्ये 'क्वेकर टॅपेस्ट्री' मांडलेली आहे. पंथाचा इतिहास सांगणारे ७७ कशिद्याचे पट, लोकरीच्या कापडावर लोकरीनेच भरलेले. १९८१ ते १९९६ या काळात पंधरा देशांतल्या चारेक हजार माणसांनी ते मिळून पूर्ण केले. एका कोपऱ्यातला टाका सफाईदार, शेजारचा अगदीच शिकाऊ, हे पटांवर उघड दिसतं आणि कुणी ते लपवलेलंही नाही.

क्वेकर म्हणजे नेमके कोण, हे इथेच सांगून टाकावं. ख्रिस्ती धर्मातला हा पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाला. यांच्यात पाद्री नाही, वेदी नाही, बाप्तिस्मा नाही, ठरलेली प्रार्थनाही नाही. ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसात आहे, मग मध्यस्थ कशाला, असा यांचा रोकडा सवाल. सगळे एकत्र शांत बसतात. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो किंवा ती उभी राहून बोलते आणि पुन्हा बसते. देवापुढे थरथर कापणारे म्हणून 'क्वेकर' हे नाव डर्बीच्या एका न्यायाधीशाने १६५० मध्ये चेष्टेने दिलं, तेच चिकटलं. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात. आपल्याकडे कुठल्याही चॉकलेटला सर्रास कॅडबरी म्हणतात, ते कॅडबरी घराणं क्वेकरच. राउनट्री आणि फ्राय हे त्यांचे चॉकलेटमधले प्रतिस्पर्धीही क्वेकर, आणि बार्कलेज व लॉइड्‌स या बँकांची मुळंही याच पंथात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे या लोकांना एकोणिसाव्या शतकापर्यंत बंद होते, सरकारी हुद्दे शपथेवाचून मिळत नव्हते, आणि शपथ घ्यायची नाही हा यांचा नियम. राहिला धंदा. त्यात घासाघीस न करता एकच भाव सांगायचा हाही नियम, त्यामुळे गिऱ्हाइकांचा विश्वास बसला. बंदीतून बरकत आली ती अशी.

केंडलच्या दक्षिणेला प्रेस्टन पॅट्रिक नावाचं ठिकाण आहे. तिथे थांबण्यासारखं फार काही नाही. कुरणं, दगडी गडगे आणि मेंढ्या. पण गोष्ट खरी सुरू होते ती इथे. १६४९ मध्ये इंग्लंडने आपल्या राजाचं डोकं उडवलं. त्याआधीच बिशपांची सत्ता मोडली होती, छापखान्यांवरचा वचक सुटला होता आणि गावोगावचे लोक बायबल उघडून आपापसात वाद घालू लागले होते. याच मुलखात शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे काही गट होते, त्यांना 'सीकर्स' म्हणत, म्हणजे शोधणारे. त्यांचं म्हणणं असं की आज अस्तित्वात असलेलं एकही चर्च खरं नाही, तेव्हा खरं काही प्रकट होईपर्यंत आपण एकत्र बसून वाट पाहावी. प्रेस्टन पॅट्रिकला त्यांची दरमहा बैठक भरे. मला आश्चर्य वाटलं ते याचं. क्वेकरांची शांत बैठक म्हणजे संस्थापकाने लावलेला शोध, अशी माझी समजूत होती. इथे दिसतं ते वेगळंच: शांत बसणारी माणसं आधीपासून होती, उणीव होती ती बोलणाऱ्याची.

तो बोलणारा म्हणजे जॉर्ज फॉक्स. लेस्टरशरमधल्या एका विणकराचा मुलगा, चांभाराकडे उमेदवारी केलेला, १६५२ च्या जूनमध्ये सत्तावीस वर्षांचा. पेंडल नावाच्या टेकडीवर त्याला दृष्टांत झाला की उत्तरेला मोठा जनसमुदाय वाट पाहतो आहे, आणि तो चालत या खोऱ्यात आला.

केंडलहून पूर्वेला निघालं की सेडबर गावाच्या अलीकडे, ल्यून नदीच्या खोऱ्यावर फरबँक फेल नावाचं माळरान लागतं. 'फेल' म्हणजे इकडची उघडीबोडकी, गवताळ टेकडी, जिथे गावातल्या शेतकऱ्यांना मेंढ्या चारायचा हक्क असतो. गाडीरस्ता एका वेळी एकच गाडी जाईल इतका. वर पोचल्यावर आधी दिसतं एक जुनं, कुंपण घातलेलं कब्रस्तान. तिथे पूर्वी छोटं चर्च होतं, ते एकोणिसाव्या शतकात वादळाने पडलं. शेजारी एक मोठा खडक, त्यावर १९५२ मध्ये बसवलेली पाटी. याला म्हणतात 'फॉक्सचं व्यासपीठ'. समोर हाउगिलच्या टेकड्या, गुळगुळीत, एकमेकींना टेकून बसलेल्या. बाकी सगळा वारा. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो, आणि १३ जून १६५२ च्या दुपारी फॉक्स इथे तीन तास बोलला म्हणतात.

सकाळी चर्चमध्ये सीकर्सपैकी फ्रान्सिस हाउगिल आणि जॉन ऑडलंड यांची प्रवचनं झाली. लोक जेवायला पांगले. फॉक्स ओढ्यावर पाणी प्यायला आणि या खडकावर येऊन बसला. बरेच म्हातारे चर्चच्या आत गेले. चर्च सोडून डोंगरावर उभं राहून प्रवचन करणारा माणूस पाहून त्यांना नवल वाटलं आणि ते खिडकीतून डोकावू लागले. हे सगळं फॉक्सने स्वतःच सांगितलं आहे. देवाला घर लागत नाही, ती इमारत या जमिनीहून पवित्र नाही, हाच त्या दिवशीचा त्याचा मुद्दा होता. चर्चला तो चर्च म्हणतच नसे, 'मनोऱ्याचं घर' म्हणे.

श्रोते हजाराच्या वर होते, असंही तोच सांगतो. हा आकडा मी जरा हात राखूनच घेते. आजही विरळ वस्तीचा हा मुलूख आहे, आणि आठवणी त्याने लिहवून घेतल्या त्या १६७५ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर वीसेक वर्षांनी. पण आकडा निम्मा धरला तरी परिणाम खोटा ठरत नाही. हाउगिल आणि ऑडलंड हे दोघे सकाळचे प्रवचनकार त्याच्या बाजूला आले. दोन वर्षांत या खोऱ्यांतून साठेक माणसं जोडीजोडीने दक्षिणेकडे प्रचाराला निघाली. त्यांत शेतकरी होते, एखाददुसरा शाळामास्तर होता, आणि मोलकरणीही होत्या. प्रेस्टन पॅट्रिकच्या एका घरात कामाला असलेली डोरोथी वॉ कार्लाइलच्या बाजारात बोलली म्हणून महापौराने तिच्या डोक्यात लोखंडी लगाम अडकवला. भांडखोर बायकांची जीभ दाबण्यासाठी असे लगाम तेव्हा असत. पुढच्याच वर्षी ती अटलांटिक ओलांडून बॉस्टनला गेली. हाउगिल १६६९ मध्ये ॲपलबीच्या तुरुंगात वारला. त्याच्या जवळचे सोबती रिचर्ड हबरथॉर्न आणि एडवर्ड बरो लंडनच्या न्यूगेट तुरुंगात.

ब्रिगफ्लॅट्सचं घर समजायचं तर इथे कायद्याकडे वळायला हवं. १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि सूड सुरू झाला. १६६२ चा कायदा खास क्वेकरांसाठी. त्यानंतर १६६४ चा आणि मग १६७० चा. या शेवटच्या कायद्याने घरच्या मंडळींखेरीज पाच किंवा अधिक माणसं चर्चबाह्य उपासनेला जमली की गुन्हा. पहिल्या वेळी हजर राहणाऱ्याला पाच शिलिंग, पुढच्या वेळी दहा. बोलणाऱ्याला वीस पौंड, ज्याच्या घरात सभा भरली त्यालाही वीस. कुणी गरीब निघाला तर त्याचा दंड सभेतल्या दुसऱ्या ऐपतदार माणसाकडून वसूल. दंडातला तिसरा हिस्सा राजाला, तिसरा गावच्या गरिबांना आणि तिसरा चुगली करणाऱ्याला. गावागावांत चुगलखोरांचा धंदा उभा करायला याहून चांगली तजवीज सुचली नसती. शिवाय चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायला क्वेकर नकार देत, त्याची जप्ती वेगळी. गायी, मेंढ्या, पितळी भांडी, मागावरचं कापड, काय काय नेलं याच्या बारीक नोंदी क्वेकरांनी स्वतःच ठेवल्या. त्या नोंदींना ते 'सोसलेलं' म्हणत, आणि ती बाडं आज सतराव्या शतकातल्या ग्रामीण घरांत काय सामान असे हे कळायला इतिहासकारांना उपयोगी पडतात.

फरबँकवरून उतरून ल्यून ओलांडली की हाउगिलच्या पायथ्याशी ड्रॉवेल नावाचं शेतघर आहे. खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहायचं. फरबँकच्या सभेच्या वेळी फॉक्स इथे ब्लेकलिंग कुटुंबाकडे उतरला होता. चोवीस वर्षांनी, १६७६ मध्ये, याच घरात क्वेकरांचं आपसातलं मोठं भांडण मिटवायला चार दिवसांची बैठक बसली. ते मिटलं नाही. एका बाजूला फॉक्सची माणसं, दुसऱ्या बाजूला प्रेस्टन पॅट्रिकचे जॉन विल्किन्सन आणि जॉन स्टोरी. तक्रारी पुष्कळ होत्या: बायकांच्या वेगळ्या सभा कशाला, वरून शिस्त लादायची कशाला. पण एक मुद्दा अगदी व्यवहाराचा होता. शिपाई येणार हे ठाऊक असताना ठरलेल्या जागी जमायचं, की घळीत, रानात कुठेतरी लपून सभा भरवायची? प्रेस्टन पॅट्रिकच्या काहींनी लपणं पसंत केलं होतं. जागा बदलायची नाही, वेळही बदलायची नाही, पकडायचं त्याने यावं आणि पकडावं, हा फॉक्सच्या बाजूचा आग्रह. लपणाऱ्यांना भित्रे ठरवणं मला जड जातं. वीस पौंड म्हणजे लहान शेतकऱ्याचं घर उठण्याची गोष्ट. पण हा वाद पेटला असताना कोसभर अंतरावर काय चाललं होतं, ते पाहिलं म्हणजे ब्रिगफ्लॅट्सच्या दारावरच्या आकड्याला वेगळंच वजन येतं.

सेडबरमध्ये फार रेंगाळले नाही. १५२५ ची शाळा, पुस्तकांची दुकानं आणि मधोमध सेंट अँड्र्यूचं चर्च. फरबँकच्या आधीच्या बुधवारी याच चर्चच्या आवारात, यू झाडाखाली, फॉक्स बोलला होता. त्या दिवशी गावात गडी-मोलकरणींची जत्रा होती. व्हिट्‌सनच्या सणाला आणि पुन्हा नोव्हेंबरात अशा जत्रा भरत. शेतगडी आणि दासी रांगेत उभ्या राहत, मालक येऊन सहा महिन्यांचा करार करत आणि हातावर विसार ठेवत. म्हणजे फॉक्सने निवडलेला दिवस असा, की खोऱ्यातला सगळा तरुण, मोकळा, मालक बदलायला निघालेला वर्ग एका जागी होता. दृष्टांत वगैरे ठीक, पण माणसाला बाजाराचा दिवस कळत होता.

सेडबरहून ब्रिगफ्लॅट्स चालण्याच्या अंतरावर. मुख्य रस्ता सोडून एक चिंचोळी गल्ली रॉदी नदीकडे उतरते. जवळच बंद पडलेल्या रेल्वेचा लोखंडी पूल आहे. सतराव्या शतकात ही विणकरांची वाडी होती. जवस पिकवायचं, पाण्यात कुजवून त्याचा वाख काढायचा, तो कातून लिनन विणायचं, हा घरोघरचा उद्योग. १६५२ मध्ये फॉक्स आधी इथेच रिचर्ड रॉबिन्सनच्या दारात आला. रॉबिन्सनने त्याला झोपायला जागा दिली आणि मग, हा चोर तर नसेल ना, या शंकेने घराची सगळी दारं पक्की लावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून तो फॉक्सचा माणूस झाला.

सुरुवातीची वीस वर्षं सभा लोकांच्या घरात, कोठारात, अंगणात भरत. घर नकोच म्हणणाऱ्या पंथाला शेवटी घर बांधावं लागलं. १६७४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्या साली, इथे बांधकामाला हात लागला आणि पुढच्या वर्षी ते उभं राहिलं. हर्टफर्डचं १६७० चं सभाघर याहून जुनं. उत्तर इंग्लंडात मात्र याच्याइतकं जुनं दुसरं नाही. कायद्याने अशी सभा अजून गुन्हाच होती. जागा विश्वस्तांच्या नावावर ठेवण्याची क्वेकरांची पद्धत होती. माझा तर्क असा, की सभा कुणा एकाच्या घरात भरली तर त्या एकाला वीस पौंडांनी बुडवणं सोपं जाई; समाईक घराने तो भार वाटून घेतला. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की आम्ही कुठे सापडू याचा पत्ताच त्यांनी सरकारला देऊन टाकला.

घर दिसतं मात्र शेतकऱ्याचं. चुन्याने पांढऱ्या केलेल्या ओबडधोबड दगडी भिंती, दगडी चौकटींच्या आखूड खिडक्या, पातळ फरशांचं छप्पर, पुढे काढलेली दुमजली देवडी आणि दारावर १६७५. क्रूस नाही, घंटा नाही, मनोरा तर नाहीच. आत गेल्यावर डोळे जरा सरावू द्यावे लागतात. गडद ओकचं लाकूड, कातीव कठड्यांचा तीन बाजूंनी फिरलेला सज्जा, समोरासमोर ठेवलेली बाकं. वडीलधाऱ्यांसाठी एक बाक थोडं उंचावर, सगळ्यांकडे तोंड करून. हा सज्जा मागाहूनचा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. तोपर्यंत गर्दी वाढली होती. आरंभी छताला आतून तक्तपोशी नव्हती. फरशांच्या फटींतून वारा-पाऊस येऊ नये म्हणून शेवाळ कोंबायचं, ते वाळून गळलं की पुन्हा कोंबायचं, ही इकडच्या सगळ्याच घरांची पद्धत.

जिन्याच्या पायथ्याशी लाकडी कठड्याची एक बुटकी खोपटी आहे. काय असावं, ते मला ओळखता आलं नाही. ती कुत्र्यांसाठी! धनगर शेतकरी रविवारी मैल-मैल चालत येत, मेंढ्यांची कुत्री बरोबर असायचीच, आणि तासभर निःशब्द बसायचं तर त्यांना कुठेतरी अडकवायला हवं. मी वाकून त्याच्या दाराच्या लाकडावरून हात फिरवला. वापरून गुळगुळीत झालं आहे. देवघरात कुत्र्याची सोय करणारा पंथ माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

लॉरी बेकर क्वेकर होता, हे इथे आठवलं. बर्मिंगहॅमचा हा वास्तुशिल्पी चीनमधल्या रुग्णसेवेहून परतताना बोटीची वाट पाहत मुंबईत थांबला, तिथे गांधीजींना भेटला, पुढे भारतातच राहिला आणि केरळात जवळपास मिळेल त्या विटा-मातीची घरं बांधत गेला. ब्रिगफ्लॅट्समध्ये उभं राहिल्यावर त्याची घरं जास्त कळतात. मार्जरी साइक्स ही गांधीजींच्या सेवाग्रामात नई तालीमसाठी राबलेली इंग्रज बाईही याच पंथातली.

१६८९ च्या कायद्याने अखेर अशा सभांना मुभा दिली. एक अट मोठी मासलेवाईक होती: सभा चालू असताना दाराला कडी-कुलूप लावायचं नाही. सरकारला अजूनही कटाची भीती होती. क्वेकरांना ती अट जाचली नसावी. याच घरात लग्नं लागत. वर-वधू उभे राहून एकमेकांना वचन देत, भटजी-पाद्री कुणी नाही, आणि हजर असलेली सगळी माणसं, लहानथोर, कागदावर सही करत. १७५३ मध्ये इंग्लंडने लग्नांचा कायदा कडक केला तेव्हाही क्वेकर आणि ज्यू यांना त्यातून वगळलं.

मग वस्ती ओसरू लागली. १६८२ पासून विल्यम पेनच्या पेनसिल्व्हेनियात जमीन आणि धर्मस्वातंत्र्य दोन्ही मिळत होतं. मागे राहिलेल्यांपैकी पंथाबाहेर लग्न करणाऱ्याचं नाव पटावरून काढण्याचा हट्ट पंथाने फार काळ धरला. माझ्या मते चुगलखोरांनी केलं नसेल इतकं नुकसान या हट्टाने केलं. गिरण्या आल्या आणि हातमागही संपला.

गल्लीच्या पलीकडे कब्रस्तान आहे. छोटे, एकसारखे, वर गोलाई दिलेले दगड. नाव आणि तारखा, बस्स. १८५० च्या आधी तर दगड लावायलाही पंथाची मोकळीक नव्हती. बेसिल बंटिंग हा कवीही इथेच आहे. शाळकरी वयात तो या वाडीत येऊन राहिला होता. १९६६ मध्ये या गावाच्या नावाची त्याची दीर्घकविता प्रसिद्ध झाली आणि इंग्रजी कवितेच्या वाचकांना ब्रिगफ्लॅट्स माहीत झालं ते त्यामुळे. तो १९८५ मध्ये गेला. त्याचा दगड शोधावा लागतो, कारण तो इतरांहून मोठा नाही.

ब्रिगफ्लॅट्सला आजही रविवारी सभा भरते. तुम्ही कुठल्या धर्माचे, कशासाठी आलात, असं कुणी विचारत नाही. मागच्या बाकावर बसता येतं. लेक डिस्ट्रिक्टला निघालेल्या मराठी मंडळींनी सरोवरांमधला एक दिवस कमी करून केंडलहून पूर्वेला वळावं. रविवार असेल तर उत्तम. आणि फरबँकवर जाताना जाड स्वेटर विसरू नका, जून असला तरी.